पॉलिश काढतं, वॅक्स चढतं: घरी गाडी चमकवताना या चुका टाळा

रात्री गाडी एखाद्या दिव्याखाली उभी केली की बॉनेटवर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. मुळात ते गोल नसतात. रंगावर सगळ्या दिशांनी असंख्य सूक्ष्म चरे पडलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कडं झाल्यासारखं वाटतं. हे दिसलं की आपण पॉलिशची बाटली शोधायला लागतो. माझं म्हणणं असं, की बाटली उघडण्याआधी हे चरे आले कुठून ते शोधा. बहुतेक वेळा ते आपल्याच हातांनी, आपल्याच फडक्याने पाडलेले असतात. ती सवय तशीच राहिली तर पॉलिशने मिळालेली चमक चार धुण्यांत जाते, आणि रंगाचा थर मात्र कायमचा पातळ होऊन बसतो.

पॉलिश आणि वॅक्स एकच समजणं

बोलताना आपण सरसकट ‘पॉलिश मारलं’ म्हणतो, पण दोघांची कामं अगदी उलटी आहेत. पॉलिश काढतं, वॅक्स चढतं.

गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण हे सगळं अर्ध्या केसाएवढ्या थरावर अवलंबून आहे.

पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिशय बारीक, घासणारे कण असतात. ते चरा भरत नाहीत. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश पुन्हा एका दिशेने परततो आणि आपल्याला चमक दिसते. रबिंग म्हणजे हेच काम, फक्त जाड कणांनी. प्रत्येक वेळी थोडा थर जातो आणि तो परत येत नाही.

वॅक्स हा त्यावर बसणारा लेप. कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं आणि ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर वितळतं, म्हणून ते गाडीवर टिकू शकतं. तरी ऊन, पाऊस आणि धुण्यामुळे काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ते झिजतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण रासायनिक लेप, त्याहून जास्त काळ टिकतो. त्यामुळे वॅक्स दर महिन्याला लावलं तरी काही बिघडत नाही. पॉलिश मात्र चरे खरोखर खुपायला लागले तरच करावं, आणि तेही सगळ्यांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करून. काही बाटल्यांवर ‘पॉलिश आणि वॅक्स एकत्र’ लिहिलेलं असतं. त्यांत घासणारे कण असतात हे लक्षात ठेवा आणि वॅक्स समजून ती दर महिन्याला वापरू नका.

आणखी एक. काही पॉलिशांमधली तेलं चऱ्यांत भरतात आणि दोन दिवस गाडी आरशासारखी दिसते. पहिल्या-दुसऱ्या धुण्यात ती तेलं जातात, चरे परत दिसतात, आणि माणूस पुन्हा रबिंगला लागतो. यात थर फुकट जातो.

कोरडी धूळ पुसणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही, आणि ती पॉलिशच्या दिवशी नाही, रोज सकाळी होते. कोरडं फडकं घेऊन धुळीची गाडी पुसली की फडक्याखाली सापडलेले मातीचे कण रंगावरून ओढले जातात. त्या कणांत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. फडकं कितीही मऊ असलं तरी त्याने फरक पडत नाही. ओरखडा फडक्याने नाही, धुळीने पडतो.

आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून काढायचा आणि मगच परत शाम्पूत घालायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेला गाळ एकदा पाहिला की हा उपद्व्याप कशासाठी ते कळतं. तो सगळा गाळ एरवी आपण पुन्हा रंगावर घासत होतो. धुताना टपापासून खाली यायचं, कारण चाकांजवळच्या आणि दाराच्या खालच्या भागात सगळ्यांत जास्त रेती असते. हात सरळ रेषेत चालवा. भांड्यांचा साबण तेल-तूप काढण्यासाठी बनवलेला असतो, तो वॅक्सही काढून टाकतो.

धुतली म्हणजे स्वच्छ झाली असं मानणं

गाडी धुऊन वाळवल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बोटांची टोकं हलकेच बॉनेटवरून फिरवा. पिशवीमुळे खरखर जास्त स्पष्ट जाणवते. हे ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, रंगाचे आणि डांबराचे थेंब असतात. शाम्पूने ते निघत नाहीत. त्यांच्यावरूनच पॉलिशचा पॅड फिरवला तर तेच कण पॅडमध्ये अडकून गोल गोल चरे पाडतात.

त्यासाठी क्ले, म्हणजे हे कण ओढून घेणारा मऊ, मातीसारखा गोळा, वापरतात. ती कधीही कोरड्या रंगावर घासू नका. क्लेसाठीचं वंगण किंवा शाम्पूचं पाणी सढळ हाताने फवारा, क्ले बोटांच्या वजनानेच सरकली पाहिजे. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. आणि ती जमिनीवर पडली तर कितीही नवी असली तरी फेकून द्या. तिच्यात रुतलेली रेती काढता येत नाही.

क्लेनेही अतिशय हलके चरे पडतात, म्हणून ती पॉलिशच्या आधी वापरतात. दर धुण्याला क्ले फिरवणं ही वेगळी चूक.

मशीन, दाब आणि कडा

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे झालेलं नुकसान परत दुरुस्त होत नाही.

बरीच वर्षं झाली, मी कुणाकडून तरी फक्त गोल फिरणारं रोटरी मशीन आणलं आणि पहिल्याच दिवशी दारावर चालवलं. दारावर आरपार गेलेली एक उठावाची रेषा होती. सपाट भाग सुरेख चमकला, म्हणून त्या रेषेवरही तेवढाच वेळ दिला. पुसल्यावर रेषेवर बोटभर लांबीची फिकट, मलूल पट्टी दिसली. ती पुसली जाईना, कारण पुसण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. क्लिअर कोट आणि रंग दोन्ही उतरून प्रायमर वर आला होता. अख्खं दार रंगवून घ्यावं लागलं. ओला रंग कडेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो, त्यामुळे कडांवर थर मुळातच पातळ असतो. शिवाय पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेत एकवटतो आणि उष्णता साठते. तेव्हापासून मी मशीन हातात घेण्याआधी प्रत्येक कडेवर, दाराच्या फटींवर आणि उठावाच्या रेषांवर मास्किंग टेप लावतो आणि त्या जागा शेवटी हाताने, हलक्या पॉलिशने करतो.

घरी पहिल्यांदा करणाऱ्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं. त्याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी हिंदकळतोही, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साठते. त्यावर खूप जोर दिला की पॅड फिरायचाच थांबतो, नुसता थरथरतो आणि काम होत नाही. हे ओळखायला मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर बसतो त्या चकतीच्या, कडेवर मार्करने एक रेघ मारा. रेघ गोल फिरताना दिसली तर दाब बरोबर आहे. जागच्या जागी थरथरली तर हात हलका करा.

एका वेळी साधारण ४५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन घ्या. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन पॅड रंगाला टेकल्यावरच चालू करा, नाहीतर पॉलिश सगळीकडे उडतं. आधी आडव्या रेषा, मग उभ्या, प्रत्येक रेषा आधीच्या रेषेवर अर्धी चढवत, असे चार ते सहा फेरे. हात घाईने फिरवू नका. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर हा वेग पुष्कळ झाला. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झटका आणि दोन-तीन भाग झाले की बदला. पॅडमध्ये जुनं पॉलिश आणि उतरलेला क्लिअर कोट साचतो, तो साचला की पॅड चमकवायचं सोडून ओरबाडायला लागतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अख्खी गाडी सुरू करण्याआधी एकाच चौकोनावर प्रयोग करा. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश. पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. चरे बऱ्यापैकी गेले असतील तर तिथेच थांबा, तेच साहित्य सगळ्या गाडीला वापरा. नाही गेले तर एक पायरी वर चढा. रंग सगळ्या गाड्यांचा सारखा कठीण नसतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर चाललेला पॅड तुमच्या गाडीला चालेलच असं नाही.

चऱ्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने काढायचा नाद सोडा. तो काढायचा तर आजूबाजूचा क्लिअर कोट जवळजवळ सगळाच उतरवावा लागेल. त्याला टचअप रंग लावा.

क्लिअर कोट असलेल्या गाडीवर काम करताना पॅडवर गाडीचा रंग दिसला तर तिथल्या तिथे मशीन बंद करा. क्लिअर कोट संपला आहे. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या एकथरी रंगात मात्र पॅड रंगणारच.

टूथपेस्टने ओरखडे जातात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. टूथपेस्टमध्ये दातांसाठीचे घासणारे कण असतात, गाडीच्या रंगासाठी त्यांचा आकार ठरवलेला नसतो. एक चरा पुसट होईल आणि त्याभोवती धुरकट डाग उरेल.

वॅक्स जाड थापणं, तेही उन्हात

पॉलिशनंतर रंगावर तेलाचा थर उरतो. त्यावर थेट सीलंट किंवा वॅक्स लावलं तर ते नीट धरत नाही, आणि खाली चरे खरंच गेलेत की तेलाखाली दडलेत हेही कळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात साधारण १५ ते २० टक्के मिसळून फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्या.

मग हाताची उलटी बाजू बॉनेटला लावून बघा. गरम लागलं तर आज वॅक्स नको, गाडी सावलीत न्या. गरम पत्र्यावर वॅक्समधला द्रव लगेच उडून जातो आणि उरलेलं चिकटून बसतं, मग काढताना घासाघीस होते. थर इतका पातळ हवा की लावलंय का नाही याची शंका यावी. जाड थापलेलं वरचं वॅक्स तुम्ही पुसूनच काढणार असता, रंगाला धरून राहतो तो सर्वांत खालचा पातळ पदरच. धुरकट झालं की एका कोपऱ्यात बोट ओढा. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला तयार. बोटाखाली पसरलं तर अजून थांबा.

झालेल्या गोष्टी कशा सावराल

वॅक्स वाळून दगड झालं असेल तर कोरडं घासू नका. त्यावरच ताज्या वॅक्सचा पातळ हात फिरवा. जुनं मऊ होतं आणि लगेच पुसलं तर दोन्ही सोबत निघतं. पट्टे राहिले असतील तर सावलीत, थोडं क्विक डिटेलर (पुसताना फवारायचं हलकं द्रव) फवारून स्वच्छ फडक्याने पुसा. पट्टे बहुधा जास्त वॅक्सचे किंवा भरलेल्या फडक्याचे असतात.

काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडले तर मऊ ब्रश आणि ऑल पर्पज क्लीनर. प्लास्टिकच्या खडबडीत पृष्ठभागात वॅक्स अडकलेलं असतं, फडकं तिथवर पोचत नाही. पुढच्या वेळी आधी टेप लावा.

उन्हात बघितल्यावर रंगावर लांब, हलत्या सावल्यांसारखे पट्टे दिसतात त्यांना होलोग्राम म्हणतात. रोटरी मशीन आणि जाड कंपाउंडची, म्हणजे रबिंगच्या पॉलिशची, ती खूण. वॅक्सने ते झाकले तरी परत येतात. मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन ड्युअल ॲक्शनचा एक हात दिला की जातात.

पॉलिश करताना पांढरी भुकटी उडत असेल किंवा पॉलिश गोळ्यांसारखं चिकटत असेल, तर पॅड कोरडा पडलाय किंवा गच्च भरलाय, नाहीतर पत्रा तापलाय.

पक्ष्याची विष्ठा तापलेल्या क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते. ती घासून काढू नका; ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून मऊ होऊ द्या आणि उचलून घ्या. जड पाण्याच्या कॅल्शियमच्या डागांवर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर लावून लगेच भरपूर पाण्याने धुवा. तेवढ्याने नाही गेले तरच पॉलिश.

फडकी वेगळी धुवा. मायक्रोफायबरला सुती कपड्यांसोबत घातलं तर त्यांचे तंतू त्यात अडकतात, आणि फॅब्रिक सॉफ्टनरने त्याचं शोषणच कमी होतं. कडेला शिवलेलं लेबल आधी कापून टाका, ते ओरबाडतं.

काही गाड्यांना हात लावूच नका

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश केलं की तिथे चमकदार डाग पडतो आणि तो कायमचा राहतो. नव्याने रंगवलेल्या भागातून सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो. रंगवणाऱ्याने सांगितलेली मुदत, साधारण ३० ते ९० दिवस, जाईपर्यंत त्यावर वॅक्स लावू नका, धुतलं तरी चालेल. आणि टपावर किंवा बॉनेटवर क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटायला लागला असेल तर पॉलिशने त्याची कड आणखी उचलली जाते. तो भाग घासून नव्याने रंगवून घेणं हाच उपाय आहे.