शोभिवंत माशांतील जंत : थंडीआधी दोन्ही डोस उरका

पावसाळ्यात उघड्या टाक्यांत सायक्लॉप्ससारखे बारीक जीव खूप वाढतात आणि फुकटचे जिवंत खाद्य म्हणून तेच पिल्लांना घातले जाते. कॅमालॅनस या जंताच्या अळ्या त्यांच्यासोबतच माशाच्या पोटात जातात. पाऊस ओसरला की गप्पी, मॉली आणि प्लॅटीच्या गुदद्वारातून लालसर दोऱ्याचे टोक डोकावू लागते, ते याच जंताचे. मासा हलला की टोक आत जाते, म्हणून टाकीसमोर पाच मिनिटे शांत उभे राहून बघा. चिमट्याने मात्र ओढू नका. जंताने आतड्याला घट्ट चावा घेतलेला असतो, मासाच फाटतो.

औषध ठरवण्यापूर्वी जंत ओळखा. कॅमालॅनसवर लेव्हामिसोल चालते. डिस्कस किंवा एंजल मासा खाऊनही वाळत चालला असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल, तर कॅपिलारिया या आतड्यातल्या जंताचा संशय घ्या. अशा वेळी फेनबेंडाझोल खाद्यातून द्यावे. पण पांढरी विष्ठा इतर आजारांतही दिसते. विष्ठेचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी अंडी दिसली, की खात्री झाली. गोल्डफिश आणि कोई अंग घासत असतील, एकच कल्ला हलवत श्वास घेत असतील, तर त्वचेवरचे किंवा कल्ल्यांतले फ्लूक, म्हणजे चिकटून राहणारे चपटे कृमी, धरावेत. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल. फीतकृमीवरही तेच.

काचेवर किंवा वाळूत वळवळणारे पांढरे बारीक कृमी बहुधा माशाला काही करत नाहीत. ते उरलेल्या खाद्यावर जगतात. त्यांच्यासाठी औषध ओतण्यापेक्षा खाद्य कमी करा आणि तळ साफ करा.

मात्रा अंदाजाने टाकू नका. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागा, म्हणजे लिटर मिळतात. वाळू-दगडांची जागा वजा करा. लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे १०० लिटरला २०० मिलिग्रॅम, २४ तास ठेवावे. प्राझिक्वांटेल लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम. ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या पाण्यात नीट घोटून घ्या. फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही (अतिनील) दिवा बंद ठेवा, हवा वाढवा. लेव्हामिसोल उजेडात खराब होते, तेव्हा दिवे बंद आणि टाकीवर कापड. जनावरांच्या औषधात बऱ्याचदा दोन घटक असतात, लेबल वाचल्याशिवाय वापरू नका. गोगलगाई असतील तर फेनबेंडाझोल टाळा. ही औषधे खाण्यासाठी वाढवलेल्या माशांना देऊ नयेत.

लेव्हामिसोल जंताला मारत नाही, लुळा करते. तो बाहेर पडून तळाशी येतो आणि तिथेच राहिला तर मासे त्याला खातात. म्हणून २४ तासांनी तळ सायफनने ओढून घ्या आणि निम्मे पाणी बदला. ही साफसफाई टाळणाऱ्याने औषधावरचा खर्चही टाळावा.

बहुतेकांचा दुसरा डोस चुकतो. लेव्हामिसोल दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे. कल्ल्यांतल्या फ्लूकची अंडी प्राझिक्वांटेलने मरत नाहीत, त्यांतून पिल्ले बाहेर पडली की त्यांना गाठावे लागते. हा काळ पाण्याच्या तापमानावर ठरतो : २२ ते २४ अंशांना या फ्लूकचे जीवनचक्र काही दिवसांत पूर्ण होते, गोठणबिंदूच्या जवळ त्याला पाच-सहा महिने लागतात. पाणी उबदार असेल तर आठवड्याने प्राझिक्वांटेलचा दुसरा डोस पुरतो. थंडी पडल्यावर तेच अंतर ठेवले तर अंडी तशीच राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रोग परत येतो. शक्य असेल तर थंडीआधीच दोन्ही डोस उरका, नाहीतर हीटर लावून पाणी २५ अंशांवर आणा.

नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. त्या टाकीची जाळी आणि बादलीही वेगळी असू द्या.