रंग चंदेरी, पण धातू वाटेना? ब्रश्ड मेटल फिनिश देताना या चुका टाळा

फोमची किंवा थ्रीडी प्रिंट केलेली खोटी ढाल किंवा शिरस्त्राण छान बनवलं, सांधे लपवले, सिल्व्हर स्प्रेचे दोन हात मारले, आणि तरीही वस्तू प्लास्टिकचीच दिसते. मग बहुतेक जण आणखी महागडा स्प्रे शोधायला लागतात. दोष सहसा डब्यात नसतो. ब्रश्ड मेटलची सगळी जादू एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघांमध्ये असते. त्या बिघडल्या की भारीतल्या भारी रंगावर पाणी फिरतं.

गोल गोल घासणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि भांडी घासायच्या सवयीमुळे हात आपोआप तिकडेच वळतो. खऱ्या ब्रश केलेल्या पत्र्यावर चमक रेघांना आडवी पसरते. म्हणूनच वस्तू हातात फिरवली की उजेडाचा पट्टा तिच्यावरून सरकत जातो. गोल घासलेल्या भागावर तो पट्टा तयारच होत नाही. चमक सगळीकडे विखुरते आणि पृष्ठभाग नुसता मळकट दिसतो.

रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात ओढा. हात मध्येच थांबला की तिथे रेघेचं टोक उमटतं, आणि लांबूनही ते नेमकं नजरेत भरतं. मनगटातून हात चालवला तर रेघा कमानीसारख्या वळतात, त्यामुळे खांद्यातून चालवा किंवा बाजूला पट्टी घट्ट बसवून तिच्या आधाराने ओढा. पॉलिशपेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी दाबलात तर बोटागणिक खोलगट पट्टे पडतात.

दिशा भागाच्या आकारावरून ठरते. पात्यासारख्या लांबट भागावर लांबीच्या दिशेने, नळीसारख्या भागावर भोवतीने, चकतीवर मात्र केंद्राभोवती गोल. इथे गोल रेघा चालतात, कारण लेथवर फिरवलेल्या चकतीवर त्या तशाच पडतात आणि चमक केंद्रातून निघालेल्या दोन पाचरींसारखी दिसते. एकसंध फोम दोन पत्रे जोडून केल्यासारखा दाखवायचा असेल, तर शिवणीवर मास्किंग टेप लावून एका बाजूला उभ्या आणि दुसऱ्या बाजूला आडव्या रेघा ओढा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात एवढ्या कमी कष्टात इतका फरक पाडणारं दुसरं काही नाही.

थ्रीडी प्रिंटच्या रेघांवर भागवणं

‘रेघा आयत्याच आहेत की’ असं वाटतं खरं, पण त्या पायऱ्या असतात, ठरावीक अंतरावरच्या. रंग लागला की त्या जास्तच उठून दिसतात. आधी त्या घासून आणि फिलर प्रायमरने (खाचा भरणाऱ्या जाडसर अस्तराच्या रंगाने) बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करा, मगच आपल्याला हव्या त्या दिशेने नव्या रेघा ओढा.

या नव्या रेघांसाठी 240 ते 400 नंबरचा पॉलिशपेपर बरा. 80 किंवा 120 नंबरने ओरखडे पडल्यासारखं दिसतं. 800 च्या रेघा रंगाखाली गडप होतात. प्रायमरवर रेघा ओढल्यानंतर सिल्व्हरचे थर अगदी पातळ हवेत. एकच जाड हात मारलात तर सगळ्या खाचा भरून निघतात आणि आधीची मेहनत वाया.

फोमवर तोच प्रयोग

ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यासारखा हलका, लवचिक फोम) वाकतो. त्यावरचा रंग घासायला गेलात तर पापुद्रे निघतात, आणि कडक फिलर प्रायमर लावला असेल तर पहिल्याच वाकण्यात भेगा. फोमवर आधी हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) फिरवून वरची छिद्रं बंद करा. पृष्ठभागाला किंचित तकाकी आली की तेवढं पुरे. मग लवचिक प्रायमर, त्यावर गडद सिल्व्हर, आणि ते पूर्ण वाळल्यावर ताठ केसांच्या, जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट सिल्व्हर एकाच दिशेने ओढा. इथे रेघा खरवडायच्या नाहीत, रंगवायच्या.

थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नका. बहुतेक स्प्रेंमधला सॉल्व्हंट त्याला विरघळवून खड्डे पाडतो. आधी पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा एकही फट न ठेवता थर द्यावा लागतो.

घाई

रंगाच्या बारीक गोळ्या होऊन पॉलिशपेपरला चिकटायला लागल्या, तर तो आत अजून ओला आहे. हात लावून कळत नाही, वासावरून कळतं: थिनरचा वास येतोय तोवर घासू नका. (स्प्रे मारताना साधा धुळीचा मास्क वाफा अडवत नाही. त्यासाठी वाफा शोषणाऱ्या फिल्टरचाच मास्क लागतो.)

रेघांसाठी स्टील वूल (पोलादी तंतूंचा घासायचा बोळा) वापरत असाल तर 0000, म्हणजे सगळ्यात बारीक ग्रेड घ्या आणि नंतर कण नीट पुसून, झटकून काढा. राहिलेल्या कणांवर पाण्यात मिसळणारा क्लिअर कोट (शेवटी वरून द्यायचा पारदर्शक थर) बसला की काही दिवसांत तांबूस ठिपके उगवतात.

शेवटच्या क्लिअर कोटने चमक गेली तर

मेटॅलिक रंगातली चमक म्हणजे ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या. वरून क्लिअरचा ओला, जड थर बसला की त्यातला सॉल्व्हंट खालचा रंग सैल करतो, चकत्या विस्कटतात आणि चंदेरीचा राखाडी होतो. मॅट क्लिअरने तर उरलीसुरली चमकही जाते. सॅटिन (मंद चमकेचा) किंवा ग्लॉस (पूर्ण चमकेचा) घ्या, लांबून हलका फवारा द्या, आणि आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर मारून बघा.

दमट हवेत क्लिअर लॅकर मारल्यामुळे पांढुरकी धुरी आली असेल, तर कोरड्या दिवशी त्याच लॅकरचा हलका हात दिला की ती बहुतेकदा निघते. राखाडी झालेल्या भागासाठी मात्र सगळा रंग काढत बसू नका. क्लिअर पूर्ण वाळू द्या, त्यावरच 400 ने त्याच दिशेने हलक्या रेघा ओढा, सिल्व्हरचा अगदी विरळ फवारा द्या. खाचांमध्ये पातळ काळा ॲक्रिलिक भरून लगेच पुसा. पुसतानाही फडकं रेघांच्याच दिशेने न्या, आडवं नेलंत तर काळपट डाग आडवे पसरतात.