झेरॉक्स, पीडीएफ आणि प्रबंधातली आकृती : ग्रंथालय वापरताना कॉपीराइट कसा पाळावा

'दहा टक्के पानांची झेरॉक्स चालते ना?' विद्यापीठाच्या ग्रंथालयात हा प्रश्न हमखास येतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात अशी दहा टक्क्यांची मर्यादा कुठेच नाही. हा आकडा दोन ठिकाणी भेटतो. काही ग्रंथालयं आपल्या नियमावलीत 'एक प्रकरण किंवा दहा टक्के' असं लिहितात. तो त्या ग्रंथालयाचा नियम, तिथे बसून काम करायचं तर तो पाळायचा. दुसरा आकडा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतला. तो प्रबंधातल्या मजकुराच्या साम्याचा आहे, झेरॉक्सशी त्याचा काही संबंध नाही. कायदा पाहतो ते प्रत कशासाठी काढली आणि ती पुढे कुठे गेली.

झेरॉक्सच्या खिडकीशी

कलम ५२ नुसार खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी केलेला रास्त वापर चालतो. ३२० पानांच्या पुस्तकातलं २८ पानांचं प्रकरण स्वतःच्या अभ्यासासाठी काढलं तर बहुधा काही अडचण नाही. पण बाजारात मिळणारं पुस्तक केवळ महाग आहे म्हणून पूर्ण झेरॉक्स करून बांधून घेतलं, तर ती प्रत विकतच्या पुस्तकाची जागा घेते आणि रास्त वापराचा आधार डळमळतो.

पुस्तक बाजारातच नसेल तर? भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती, ग्रंथालयाच्या वापरासाठी, काढायची मुभा विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला आहे, वाचकाला नाही. म्हणून आधी प्रकाशकाकडे आणि एक-दोन विक्रेत्यांकडे चौकशी करा, उत्तर तारखेसह लिहून ठेवा आणि ते घेऊन ग्रंथपालांकडे अर्ज करा. नुसतं 'मिळत नाही' म्हटल्यावर त्यांनाही काही करता येत नाही.

शिक्षकांना वर्गासाठी जास्त मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. दुकान अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे संच करून विकत होतं. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की अध्यापनासाठी जेवढं गरजेचं, तेवढं घेता येतं. पानांचं ठरावीक प्रमाण लावता येत नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. या निकालाचा अर्थ 'काहीही छापा' असा घेऊ नका. संचातला प्रत्येक उतारा अभ्यासक्रमाशी जोडून दाखवता आला पाहिजे.

एक सवय लावून घ्या. प्रकरण काढताना शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, अशी दोन पानं जास्त काढा. मराठी पुस्तकात या मागच्या पानावर बारीक अक्षरात हक्क कोणाचे ते असतं, आणि बऱ्याचदा तिथे प्रकाशकाऐवजी लेखकाच्या पत्नीचं किंवा मुलीचं नाव दिसतं. परवानगी मागायची ती त्यांच्याकडे. प्रबंध जमा करायच्या आठवड्यात हे पान नसलं की पुस्तक पुन्हा शोधण्यात दिवस जातात.

हक्क कधी संपतात

लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजा. साने गुरुजींचं निधन १९५० चं, म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित साहित्यावरचे हक्क २०१० अखेर संपले. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचे २०१६ अखेर. मात्र मूळ मजकूर मोकळा झाला तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, चित्रं आणि कोणी केलेला अनुवाद यांचे हक्क स्वतंत्र असतात. फसगत नेमकी इथे होते: जुनं पुस्तक म्हणून सगळं स्कॅन केलं जातं आणि त्यात हयात संपादकाची चाळीस पानांची प्रस्तावनाही येते.

ई-जर्नल्स

इथे कायद्याच्या जोडीला प्रकाशकाशी केलेला करारही लागू होतो. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची सामायिक वर्गणीची योजना सुरू झाल्याने सरकारी संस्थांत पुष्कळ जर्नल्स उघडू लागली, त्यामुळे हा भाग आता अनेकांच्या कामाचा आहे. करारांत सहसा एकेक लेख स्वतःसाठी उतरवायची परवानगी असते. अंकामागून अंक आपोआप उतरवणारं ब्राउझर एक्स्टेन्शन लावलं की प्रकाशकाच्या सर्व्हरला एकाच आयपी पत्त्यावरून शेकडो मागण्या दिसतात आणि तो पत्ता बंद होतो. कॅम्पसचं सगळं इंटरनेट त्याच पत्त्यावरून बाहेर जात असेल, तर एकाच्या घाईपायी सगळ्या विभागांचा प्रवेश थांबतो. मजकुराच्या विश्लेषणासाठी हजारो लेख खरोखरच हवे असतील तर आधी ग्रंथपालांना सांगा. काही प्रकाशक त्यासाठी वेगळी सोय देतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकण्याऐवजी लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, टाका. ज्याला प्रवेश आहे तो स्वतःच्या लॉगिनने उघडेल. आणि ते लॉगिन कोणालाही देऊ नका, पास होऊन गेलेल्या मित्रालाही नाही.

प्रबंधातली आकृती

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण 'खाली स्रोत दिलाय' एवढ्यावर सगळे निश्चिंत होतात. स्रोत दिल्याने वाङ्मयचौर्याचा दोष टळतो, परवानगीची गरज मात्र त्याने संपतेच असं नाही. प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, जगभर उघडा होतो, त्यामुळे 'खासगी वापर' म्हणता येत नाही. अवतरणातली चार वाक्यं समीक्षेच्या ओघात चालून जातात. अख्खी आकृती, छायाचित्र किंवा पूर्ण कविता घ्यायची तर परवानगी मागा.

१. आकृतीखाली किंवा लेखाच्या पहिल्या पानावर परवाना बघा. 'सीसी बाय' (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देऊन वापरायचा खुला परवाना) असेल तर श्रेय आणि परवान्याचं नाव देऊन वापरा. त्याला 'एनडी' (बदल नको) जोडलेलं असेल तर बदल केलेली आकृती प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे त्यातली इंग्रजी नावं मराठीत करूनही छापता येणार नाही. 'एनसी' (व्यावसायिक वापर नको) असेल तर प्रबंधाला सहसा चालतं, पण त्याचं पुढे विक्रीचं पुस्तक केलंत तर परवानगी नव्याने घ्या.

२. परवाना नसेल तर हक्कधारकाला ईमेल करा. त्यात लेखाचा पूर्ण संदर्भ, आकृतीचा क्रमांक, प्रबंधाचं नाव, विद्यापीठ आणि 'शोधगंगावर खुला राहील' हे वाक्य हवं. हे वाक्य राहिलं तर मिळालेली परवानगी फक्त छापील प्रतीपुरती निघू शकते.

३. जमा करण्याआधी निदान दोन महिने हे काम सुरू करा, आलेलं उत्तर पीडीएफ करून परिशिष्टासाठी ठेवा.

उत्तर नाहीच आलं तर आकडेवारी घेऊन आलेख स्वतः काढा. निव्वळ आकड्यांवर कॉपीराइट नसतो, त्यांच्या मांडणीवर असू शकतो. नुसतं गिरवू नका.

यूजीसीच्या त्या २०१८ च्या नियमांतल्या साम्य तपासणीबद्दल थोडक्यात: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत वर्षभर सादर करायला बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द.

आणि तुमचा स्वतःचा लेख छापून आला असेल तरी तो लगेच विभागाच्या संकेतस्थळावर चढवू नका. हक्क हस्तांतराच्या करारावर सही केली असेल, तर छापील पीडीएफ बहुधा प्रकाशकाची झालेली असते. परीक्षणानंतर स्वीकारलेली तुमची वर्डची फाइल ठेवायला अनेक प्रकाशक परवानगी देतात, काही ठरावीक महिन्यांनंतर. सही केलेला करार आणि ती फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मुदत मोजायला दोन्ही लागतात.