घोड्याची औषधं आणि रक्त गोठणं: या चुका टाळा

पुण्याचा रेस सीझन भर पावसात येतो. ट्रॅक भिजलेला, पागेपुढे चिखल, खूर नरम पडलेले. लंगडणं वाढतं आणि त्यासोबत वेदनाशामकंही. वरातीच्या घोड्यांचं आणि रायडिंग स्कूलच्या तबेल्यांचंही तेच. या औषधांनी पोट आणि किडनी बिघडते हे बहुतेक मोतद्दारांना ठाऊक असतं. रक्त गोठण्यावरचा परिणाम मात्र जखम वाहू लागल्यावरच ध्यानात येतो. बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी असते: माणसाची गोळी, माणसाचा डोस आणि माणसाच्या लॅबची मापं घोड्याला लावली जातात.

ॲस्पिरिन ‘साधी गोळी’ समजणं

ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशींमधलं) एक एन्झाइम कायमचं बंद पाडते. औषध घोड्याच्या रक्तातून लवकर निघून जातं, पण बंद पडलेल्या प्लेटलेट पुन्हा कामाला लागत नाहीत, नव्या तयार व्हाव्या लागतात. म्हणून एका डोसनंतरही रक्तस्राव लांबण्याचा परिणाम दोनेक दिवस टिकू शकतो. घोडा खच्ची करायचा असेल किंवा दुसरी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आठवडाभर आधीच ॲस्पिरिनबद्दल पशुवैद्यांना सांगा. खच्ची केल्यावर थेंब मोजता येतील इतकं रक्त थोडा वेळ गळणं स्वाभाविक आहे. धार लागली, किंवा १५ मिनिटांनंतरही जोर कमी झाला नाही, तर लगेच फोन करा.

उलट टोकाची चूकही होते. माणसाची ७५ मिलिग्रॅमची गोळी ४५० किलोच्या घोड्याला दिली तर किलोमागे जेमतेम ०.१७ मिलिग्रॅम पडते. घोड्यांत किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम वापरतात. त्यातही घोड्याच्या प्लेटलेटवर ॲस्पिरिनचा असर भरवशाचा नाही. गुठळी होऊ नये म्हणून औषध हवंच असेल तर पशुवैद्य बहुधा क्लोपिडोग्रेलचा विचार करतात.

दोन वेदनाशामकं एकत्र

सकाळी चंदीत ब्यूट (फेनिलब्युटाझोन), संध्याकाळी फ्लुनिक्सिन. ‘जास्त आराम पडेल’ या समजुतीने हे केलं जातं आणि त्यातून आतड्याला जखमा होतात. प्लेटलेट आधीच मंदावलेल्या असताना त्या जखमा वाहिल्या तर रक्त लिदीतून जातं आणि कुणाला दिसतही नाही. ब्यूटची कमाल मर्यादा किलोमागे दिवसाला ८.८ मिलिग्रॅम, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ४ ग्रॅमच्या आत, आणि तीही थोडेच दिवस. हे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतं. घोड्याला वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर ब्यूट त्याला प्रथिनांवरून हुसकावून लावतं, मोकळ्या वॉरफरिनचं प्रमाण वाढतं आणि रक्तस्राव सुरू होऊ शकतो. हा जोड टाळाच.

डायक्लोफेनॅकची माणसाची बाटली वापरणं तर पूर्ण बंद करा. जनावरांसाठी ते २००६ पासून गिधाडांच्या रक्षणासाठी बंद आहे.

ब्यूटचं इंजेक्शन फक्त शिरेत. थोडं जरी बाहेर पडलं तरी मानेची शीर सुजते आणि आत गुठळी होते. पोटदुखीच्या, ताप आणि जुलाबाच्या घोड्यांत रक्त आधीच गोठण्याच्या तयारीत असतं, तिथे हा धोका दुप्पट काळजी घेण्यासारखा. शिरेत कॅथेटर (औषधासाठी बसवलेली नळी) असेल तर दिवसातून दोनदा तरी मानेवरून बोट फिरवून पाहा: दोरीसारखी कडक शीर, गरम जागा किंवा सूज लागली तर कॅथेटर काढायला सांगा. फ्लुनिक्सिन स्नायूत टोचू नका. तिथे वायू तयार करणाऱ्या जंतूंचा संसर्ग होऊन घोडा दगावू शकतो.

रक्त थांबवायला व्हिटॅमिन के-३ देणं

ही चूक जीवघेणी आहे. पागेत उंदीर मारायला ब्रोमाडायोलोनचे ठोकळे ठेवले जातात. घोड्याने ते चावले तरी पहिले काही दिवस काहीच दिसत नाही, कारण आधी तयार झालेले गोठण-घटक अजून शिल्लक असतात. ते संपले की हिरड्यांतून, नाकातून, सांध्यांत रक्त येऊ लागतं. इथे उतारा व्हिटॅमिन के-१ आहे, तोही अनेक आठवडे. सहज मिळणारं के-३, म्हणजे मेनाडायोन, घोड्याला टोचलं तर किडनी निकामी होऊ शकते. बाटलीवर ‘व्हिटॅमिन के’ एवढंच वाचून थांबू नका, फायटोनाडायोन हे नाव शोधा. तेसुद्धा शिरेत नको, ॲलर्जीचा झटका येऊ शकतो.

धावल्यावर नाकातून रक्त: गोठण्याचं इंजेक्शन

जोरात पळताना फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांवर दाब प्रचंड वाढतो आणि त्या फुटतात. रक्त गोठत नाही म्हणून हे होत नाही. त्यामुळे इथॅमसिलेट किंवा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने मूळ दुखणं जात नाही. फ्युरोसेमाइडचा उपयोग होतो तो हा दाब कमी केल्याने, पण ते शर्यतीच्या नियमांत बसतं का हे रेस क्लबच्या पशुवैद्यांना आधी विचारायलाच हवं. खात्री करायची तर धावल्यानंतर ३० ते १२० मिनिटांत श्वासनलिकेची एंडोस्कोपी करून घ्या. पावसाळ्यात ओल्या, बुरशी लागलेल्या गवताने श्वासमार्ग सुजतो, ते गवत आधी बदला.

माणसाच्या लॅबचा रिपोर्ट तसाच वाचणं

निरोगी घोड्याच्या प्लेटलेट साधारण १ ते ३.५ लाख असतात. माणसाची खालची मर्यादा दीड लाख. म्हणजे सव्वा लाख असलेल्या ठणठणीत घोड्यापुढे लॅब ‘कमी’ छापून मोकळी होते. शिवाय जांभळ्या झाकणाच्या नळीत काही घोड्यांच्या प्लेटलेट गुच्छ करतात आणि मशीनला कमी दिसतात. शंका असेल तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून घ्या, काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखालीही बघायला सांगा.

गोठण्याच्या चाचणीला निळीच नळी लागते. प्रमाण ९ भाग रक्त, १ भाग सायट्रेट. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर वेळ खोटाच लांबलेला येतो. अलगद चार-पाच वेळा उलटी करा, झटके देऊ नका. जमलं तर शेजारच्या निरोगी घोड्याचाही नमुना त्याच वेळी पाठवा. छापील मर्यादेपेक्षा ही तुलना कितीतरी कामाची.

साधं हेपरिन (गुठळी रोखणारं इंजेक्शन) चालू असताना घोड्याचा पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) अचानक खाली आला तर लगेच रक्त चढवायच्या मागे लागू नका. घोड्यात हेपरिनने तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. औषध थांबवल्यावर चारेक दिवसांत आकडा सावरतो. डाल्टेपॅरिन, एनॉक्सापॅरिन या हेपरिनच्याच प्रकारांमध्ये हा त्रास सहसा नसतो. याउलट खऱ्या रक्तस्रावात पीसीव्ही सुरुवातीचे १२ ते २४ तास बरा दिसू शकतो, कारण प्लीहा साठवलेल्या पेशी रक्तात सोडते. तेव्हा आकड्याआधी घोडा बघा. वरचा ओठ उचलून टॉर्चच्या उजेडात हिरड्या पाहा: टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा पांढरटपणा आहे का? शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला ६० च्या वर आहे का? असेल तर जखमेवर जाड कापड घट्ट दाबून ठेवा, भिजलं तरी न काढता वरून दुसरं ठेवा. शांत करायला एसप्रोमाझिन देऊ नका, त्याने रक्तदाब आणखी पडतो. आणि पशुवैद्य येईपर्यंत गेल्या सात दिवसांत काय, किती आणि कधी दिलं ते कागदावर लिहून ठेवा, चंदीत घातलेल्या गोळ्यांसकट.