जेलमधून स्वतःच अपील टाकायचंय? आधी मुदत मोजा

शिक्षा झालीये, वकील नाही आणि अपील स्वतःच लिहायचंय, तर मुद्दे काय घ्यायचे ते नंतर बघा, आधी कॅलेंडर घ्या.

मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर अपील सहसा सेशन्स कोर्टात, मुदत ३० दिवस. सेशन्सने दिली तर हायकोर्टात ६० दिवस, पण फाशी असेल तर ३०च.

मोजताना निकालाचा दिवस धरायचा नाही. समजा निकाल ३ मार्चला लागला, तर पहिला दिवस ४ मार्च आणि साठावा येतो २ मे. आता निकालाच्या सर्टिफाइड कॉपीचा (कोर्टाच्या शिक्क्याच्या अधिकृत प्रतीचा) अर्ज ५ मार्चला केला आणि कॉपी १४ मार्चला तयार झाली तर हे १० दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणजे शेवटची तारीख जाते १२ मेवर. पण अर्ज करायलाच तुम्ही महिना लावलात तर तो महिना तुमचाच गेला. अर्ज कधी केला, कॉपी कधी तयार झाली हे कॉपीवरच्या शिक्क्यात असतं, ते पान जपून ठेवा. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दिलेलं चालतं.

तसं बघितलं तर कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत लगेच फुकट द्यावीच लागते, मागून घ्या, लाजू नका. १९७८च्या होसकोट केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की प्रत जेलमार्फत दिली तर कैद्याकडून लेखी पोच घ्यायची. म्हणून सही करताना त्या दिवसाचीच तारीख टाका, मागची टाकायला सांगितली तरी टाकू नका.

अपील कोर्टात नेऊन द्यायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४प्रमाणे (आधीचं सीआरपीसी ३८३) अपीलाचा अर्ज आणि सोबतच्या प्रती जेलच्या इनचार्ज अधिकाऱ्याकडे द्यायच्या, पुढे पाठवणं त्यांचं काम. इथेच खरी गोची होते, कारण कागद टेबलावर पडून राहिला तर दिवस कोणाचे गेले? अमेरिकेत १९८८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वकील नसलेल्या कैद्याने अपीलाची नोटीस जेल स्टाफच्या हातात दिली तोच दाखल झाल्याचा दिवस. आपल्या कलमात असं स्पष्ट लिहिलेलं नाही, त्यामुळे मुदत संपायच्या बरंच आधी द्या, आवक नंबर मागा, तुमच्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या, आणि पुढच्या मुलाकातीला ती तारीख घरच्यांना सांगून ठेवा.

उशीर झालाच तर अपील सोडून देऊ नका, सोबत लिमिटेशन अ‍ॅक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) कलम ५खाली विलंब माफीचा अर्ज जोडा. त्यात नुसतं 'गरीब आहे, कायदा कळत नाही' लिहून भागत नाही, कॉपी कधी मिळाली, आजारी कधी होतो, कागद जेलमध्ये कधी दिला असं तारीखवार लिहा आणि जेलची तारीख-सही घेतलेली पोच जोडा.

आणि कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पण वकील मिळेपर्यंत मुदत थांबत नाही, तेव्हा अर्ज तिकडेही करा आणि अपील आपलं आपण देऊन टाका.