वारंवार द्राक्षगर्भ: आयव्हीएफच्या आधी कारण शोधा

द्राक्षगर्भ (मोलर प्रेग्नन्सी) म्हणजे ज्यात वार द्राक्षांच्या घडासारखी फुगते असा बिघडलेला गर्भ. तो एकदा राहिला तर पुन्हा राहण्याचा धोका शंभरात एखाद-दोन. दोनदा राहिल्यावर मात्र तो १५ ते २० टक्क्यांच्या घरात जातो आणि तपास न करता पुढचा चान्स घेणं चुकीचं ठरतं.

सक्शनने गर्भपिशवी रिकामी केल्यावर निघालेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) गेलाच पाहिजे. रिपोर्टसोबत मेणाचा ब्लॉकही (मेणात जपलेला तो तुकडा) जपायला सांगा. त्यातून आणि पती-पत्नीच्या रक्तातून जनुकीय तपासणी होते. पूर्ण द्राक्षगर्भात (ज्यात बाळ तयारच होत नाही) बहुधा सगळी गुणसूत्रं वडिलांचीच असतात. ती दोघांचीही निघाली, तर दोष बाईच्या अंड्यात असतो: एनएलआरपी७ किंवा केएचडीसी३एल या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. पी५७ ही त्याच तुकड्यावरची प्रथिनाची तपासणी हा फरक सांगत नाही. सोलापुरात मामा-भाचीची, आतेमामे भावंडांची लग्नं आजही होतात. बाईचे आईवडील असे नात्यातले असतील किंवा बहिणीलाही हाच त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जनुकदोष निघाला तर स्वतःच्या अंड्यांनी आयव्हीएफ करून पैसे घालवू नका. इक्सी (अंड्यात सुईने एकच शुक्राणू सोडणं) केलं, भ्रूण तपासला, तरी अंड्यातला दोष तसाच राहतो. दात्या स्त्रीचं अंडं हाच खरा उपाय. बहिणीचं अंडं नको, तिच्यातही तोच दोष असू शकतो. २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने दाती २३ ते ३५ वर्षांची लागते, क्लिनिकही नोंदणीकृत हवं.

दोष वडिलांकडच्या गुणसूत्रांपुरता असेल तर नैसर्गिक गर्भधारणेला बराच वाव आहे. दोन शुक्राणू शिरल्याने द्राक्षगर्भ होत असेल तर इक्सीने तो टळतो, कारण अंड्यात एकच शुक्राणू सोडतात. एकाच शुक्राणूची गुणसूत्रं दुप्पट होत असतील तर इक्सी पुरत नाही.

पुढचा गर्भ ठरवण्याआधी, पिशवी रिकामी केल्यापासून बीटा एचसीजी (गर्भाच्या हार्मोनची रक्ततपासणी) दर आठवड्याला, सलग तीन वेळा नॉर्मल येईपर्यंत, मग डॉक्टर सांगतील तितके महिने दरमहा. लॅब एकच ठेवा, किट बदललं की आकडे जुळत नाहीत. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून दर आठवड्याला सोलापूर जमणार नसेल तर गावाजवळची लॅब पहिल्यापासूनच धरा. या काळात गर्भ राहू देऊ नका. एचसीजी वाढला तर तो नव्या गर्भाचा की उरलेल्या पेशींचा, ते कळत नाही. आकडा चढला किंवा अडकून राहिला तर केमोथेरपी लागू शकते. त्यातलं मेथोट्रेक्सेट हे औषध घेतल्यास पुढच्या गर्भासाठी वर्षभर थांबा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा.

पुढच्या वेळी गर्भ राहिल्यावर सहा ते आठ आठवड्यांत सोनोग्राफी करा, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा एचसीजी.