कार एसीचा जाम बोल्ट: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेली मुलं गॅरेजला येतात, तेव्हा त्यांना एसीचं चक्र तोंडपाठ असतं. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल, सगळं सांगतात. अडतात ते एका 10 नंबरच्या गोटीवर (सॉकेटवर). कंडेन्सरला पाइप धरून ठेवणारा छोटासा एम-6 बोल्ट हलत नाही, आणि हात नकळत लांब दांडा शोधायला लागतो.

आधी हा बोल्ट जाम का धरतो ते समजून घ्या. बोल्ट लोखंडी, तो बसतो तो जोडाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते. म्हणून मालवण, रत्नागिरी, अलिबागकडच्या गाड्या जास्त त्रास देतात. कंडेन्सर तर गाडीच्या अगदी तोंडाशी, सगळं पाणी-चिखल त्याच्यावरच. बोल्टभोवती पांढरं दिसलं की समजा, हे काम सरळ होणार नाही. गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगा की बोल्ट तुटू शकतो, पाइपही लागू शकतो. तुटल्यावर सांगितलं तर ते कारण वाटतं, आधी सांगितलं तर अंदाज.

पाना लावण्याआधी गॅस मशीनने काढून घ्या. उन्हात उभ्या गाडीत, एसी बंद असला तरी, आर-134ए चा, म्हणजे एसीतल्या गॅसचा, दाब 30 अंशांला शंभर पीएसआयच्या आसपास असतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्याला तर कायमची इजा. गॉगल घालाच. हा गॅस हवेत सोडून देणारी गॅरेजं आजही आहेत; कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमानवाढ करणारा गॅस आहे तो, आणि वर पैशांचा माल. गेज शून्यावर आला तरी लगेच हात घालू नका. तेलात मुरलेला गॅस हळूहळू सुटतो आणि काटा परत वर येतो. थोडं थांबा, पुन्हा ओढा.

आता मुख्य गोष्ट, आणि माझ्या मते सगळं कसब इथेच आहे: कुठला तुकडा वाचवायचा आणि कुठला जाऊ द्यायचा, हे आधी ठरवा. कंडेन्सर गळतोय म्हणून बदलायचा असेल, तर आटे कुणात आहेत? त्या भंगारात जाणाऱ्या कंडेन्सरमध्ये. बोल्ट तुटला तरी तुकडा त्याच्याबरोबर जाईल. तिथे जीव सांभाळायचा तो पाइपचा. तोच बोल्ट कॉम्प्रेसरच्या अंगात असेल आणि कॉम्प्रेसर चांगला असेल, तर गणित उलटं होतं. तिथे बोल्ट तुटणं म्हणजे दिवसभराचं काम. बोल्ट तसाच जाम, पण एका ठिकाणी धीट व्हायचं, दुसऱ्या ठिकाणी भित्रं.

सांभाळायचा असेल तेव्हाची रीत अशी. वायर ब्रशने भुकटी झाडा, पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि खरोखर वेळ द्या. जमलं तर रात्रभर. बोल्टच्या डोक्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायची सळई) ठेवून हलके, भरभर ठोके द्या, म्हणजे भुकटीची पकड तुटते आणि तेल आत शिरतं. गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी गंजलेलं डोकं गोल करते. पहिला जोर उघडायला नाही, किंचित आवळायला द्या. बारीक ‘कट्’ जाणवला की उलटा फिरवा, पाव वळसा पुढे, थोडा मागे, परत तेल. बोल्ट लवतोय, स्प्रिंगसारखा परत येतोय असं मनगटाला वाटलं तर तिथेच थांबा. तो सुटत नाहीये, पिळतोय.

मग हीट गन. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून गरम करायचा तो ब्लॉक, बोल्ट नव्हे. आधी सांडलेलं तेल पुसून घ्या. गॅसचा टॉर्च मात्र नको. उरलासुरला गॅस ज्वाळेत आला की हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू होतो. शिवाय ॲल्युमिनियम लाल न होताच 660 अंशांला वितळतं, त्यामुळे डोळ्याला इशारा मिळत नाही.

बोल्ट निघाला, तरी ब्लॉक सुटत नाही असंही होतं. इथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. ओ-रिंग (जोड सील करणारी रबरी कडी) बसते त्या जागेवर एक ओरखडा पडला की नवी ओ-रिंगसुद्धा गळणार. फटीत तेल सोडा, एका हाताने कंडेन्सरकडची बाजू घट्ट धरा, पाइप त्याच्या अक्षावरच किंचित डावी-उजवीकडे फिरवत सरळ ओढा. नटवाला जोड असेल तर दोन पाने लावा, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर पाइप पिळला जातो.

बोल्ट तुटलाच आणि शेंडा वर राहिला असेल, तर ब्लॉक गरम करून व्हाइस ग्रिपने काढा. सपाट तुटला तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या धारेचा ड्रिल लावा. कित्येकदा फिरता फिरता तुकडाच बाहेर येतो. इझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, मी एवढ्या बारीक बोल्टला लावत नाही. ते आत मोडलं तर इतकं कडक असतं की साधा ड्रिल त्यावर चालत नाही. बारीक ड्रिलपासून 5 मिलिमीटरपर्यंत वाढवत नेलं, तर जुने आटे बहुधा वाचतात.

उघडी तोंडं लगेच टोप्यांनी बंद करा, कारण पॅग तेल, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल, हवेतली ओल झपाट्याने शोषतं. जोडताना ओ-रिंग नवी, तेल लावून, आणि बोल्टही नवा, टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंतच. मग किमान अर्धा तास व्हॅक्युम, आणि तो टिकतो का ते बघून गॅस वजनाने.

गॅरेजच्या मागे पडलेले जुने कंडेन्सर भंगारवाल्याला देण्याआधी मागून घ्या. त्यातले जाम बोल्ट मुद्दाम तोडून बघा. बोल्ट पिळतो कसा, सुटतो कसा, हे मनगटाला शिकवायला त्याहून स्वस्त जागा नाही.